ख्रिस्ती आईच्या रोजच्या कामात देवाचा हेतू कसा शोधावा: खेड्यातल्या घरासाठी काही पायऱ्या

काही वर्षांपूर्वी आमच्या मंडळीच्या महिला संघात मी मोठ्या उत्साहाने एक कागद वाटला होता. पहाटे एक तास एकांत, त्यात वीस मिनिटे वाचन, वीस मिनिटे मनन आणि वीस मिनिटे प्रार्थना असा त्याचा आराखडा होता आणि तो मी शहरातल्या एका शिबिरातून जसाच्या तसा उतरवून आणला होता. दिवस कापसाच्या वेचणीचे होते. सभा सुटल्यावर एक बाई मागे थांबली. बोंडांच्या टोकांनी तिच्या बोटांना चिरा पडल्या होत्या. तिने कागदाची नीट घडी घालून तो माझ्या हातात परत दिला आणि म्हणाली, "बाई, नळ चारला येते, सहाला डबा लागते, सातला वावरात जा लागते. हा तास कुठून आणू, ते बी लिहून द्या न."

मला उत्तर देता आले नाही. हा लेख त्या परत आलेल्या कागदाच्या जागी लिहिला आहे. ज्या आईच्या घरी शेती किंवा मजुरी आहे, जिची उपासना रविवारी तासाभराची असते आणि बाकीचे सहा दिवस चूल, पाणी, ढोरे आणि लेकरे यांत जातात, तिला आपल्या कामाचा देवाशी काय संबंध आहे हे कळावे आणि त्यासाठी नेमके काय करावे हे सांगता यावे, एवढाच त्याचा उद्देश आहे. पायऱ्या क्रमाने दिल्या आहेत, पण त्या एका महिन्यात चढून जाण्याची घाई नाही.

पहिली पायरी: दिवस जसा आहे तसा लिहून काढा

मुलाच्या जुन्या वहीतले एक पाठकोरे पान घ्यावे आणि दोन दिवस उठल्यापासून निजेपर्यंतचे प्रत्येक काम वेळेसह लिहावे. लिहिता येत नसेल तर शाळेत जाणाऱ्या मुलीला सांगून लिहवून घ्यावे. पाच मिनिटेही प्रार्थना झाली नसेल तर ती लिहू नये. हा कागद पाळकसाहेबांना दाखवायचा नाही.

मग प्रत्येक कामापुढे एक खूण करावी. काही कामांत हात आणि मन दोन्ही गुंततात: फोडणी, मजुरीचा हिशेब, आजारी बाळाची उठबस. काही कामांत हात गुंततात पण मन मोकळे असते: भाकरी थापणे, भांडी घासणे, सारवण, निंदण, वेचणी, तुरीच्या शेंगा सोलणे. आणि काही वेळा हात मोकळे असून आपण नुसत्या उभ्या असतो: नळाची रांग, एसटीची वाट पाहणे, दवाखान्याची ओळ. मी प्रथम हा कागद केला तेव्हा मन मोकळे असलेल्या कामांची बेरीज साडेतीन तासांहून अधिक भरली आणि वेचणीच्या दिवसांत तर ती याच्या दुपटीवर जाते. त्या साडेतीन तासांत माझे मन काय करत होते तेही मी प्रामाणिकपणे लिहिले. जावेने चार वर्षांपूर्वी एका लग्नात काय म्हटले होते, त्याला आपण काय उत्तर द्यायला हवे होते आणि सोसायटीचे कर्ज, एवढ्यावरच ते फिरत होते.

याचा अर्थ तासाची टंचाई खरी असली तरी ती संपूर्ण नाही. सतराव्या शतकाच्या अखेरीपासून अठराव्याच्या सुरुवातीपर्यंतच्या काळात इंग्लंडमध्ये सुझाना वेस्ली नावाच्या बाईला एकोणीस लेकरे झाली. त्यांपैकी निम्म्याच्या आसपास लहानपणीच गेली आणि वाचलेल्यांपैकी जॉन व चार्ल्स यांनी पुढे मेथडिस्ट चळवळ उभी केली. गजबजलेल्या घरात ती एप्रन डोक्यावर ओढून प्रार्थनेला बसत असे आणि आई एप्रनखाली असेपर्यंत मुले तिला हाक मारत नसत, अशी आठवण सांगितली जाते. आपल्याकडे पदर आहेच, पण मी एकदा तसे करून पाहिले तेव्हा धाकट्याने धावत जाऊन आजीला सांगितले की आई रडते आहे. त्यामुळे ही युक्ती मी कोणाला सुचवत नाही. मन मोकळे असलेली कामे हाच आपला पदर आहे असे समजावे.

दुसरी पायरी: पेरणी कुठे संपते आणि पीक कुठे सुरू होते, हे वेगळे करा

ही पायरी सर्वांत अवघड आहे. ती सोडून पुढे गेलेल्या बायका दोन-तीन महिन्यांत थकतात, असा माझा अनुभव आहे.

आपण कोरडवाहू मुलखातल्या बायका आहोत. बियाणे चांगले, मशागत वेळेवर, डवरणी-निंदण नीट, आणि तरीही पावसाने पंचवीस दिवसांचा खंड दिला किंवा गुलाबी बोंडअळी आली तर पऱ्हाटी उभी राहते आणि कापूस घरी येत नाही, हे आपण डोळ्यांनी पाहिले आहे. त्या वर्षी कोणताही शहाणा माणूस असे म्हणत नाही की कास्तकाराने काम केले नाही. पण आईपणाचा हिशेब करताना आपण हे शहाणपण बांधावर ठेवून येतो. मुलाचे दहावीचे गुण, मुलीचे सासर, थोरला उपासनेला येतो की पानटपरीवर बसतो, यांवर आपण देवापुढची आपली किंमत ठरवतो आणि गावही तशीच ठरवते.

मार्काच्या शुभवर्तमानाच्या चौथ्या अध्यायात येशूने सांगितलेला एक छोटा दाखला आहे. माणूस जमिनीत बी टाकतो, रात्री झोपतो, दिवसा उठतो आणि बी कसे रुजते व वाढते हे त्याला कळत नाही. जमीन आपोआप पीक देते, आधी अंकुर, मग कणीस, मग कणसात भरलेला दाणा. पेरणारा झोपतो, याकडे लक्ष द्यावे. येशूने त्याला आळशी म्हटलेले नाही. पेरणे, राखणे आणि वेळ आल्यावर विळा घालणे एवढे त्याचे काम आहे. उगवणे त्याच्या हाती दिलेलेच नाही.

करायचे ते असे. वहीच्या एका पानावर लेकराचे नाव लिहून मध्ये उभी रेघ मारावी. डावीकडे या वर्षी या लेकरासाठी माझ्या हातात काय आहे ते लिहावे आणि उजवीकडे माझ्या हातात काय नाही ते लिहावे. माझ्या परिचयातल्या एका आईने सातवीतल्या मुलीच्या नावाने डावीकडे लिहिले होते: रोज तिची वेणी घालताना तिचे ऐकून घेणे, शाळा सुटू न देणे, तिच्यासमोर तिच्या बापाला न बोलणे. उजवीकडे होते: तिचा स्वभाव, तिचे नशीब, ती प्रभूला मानील की नाही. "नशीब" हा शब्द खोडून तिने मग "तिचा पुढचा रस्ता" असे लिहिले, आणि ती खाडाखोड मला सगळ्या पानापेक्षा मोलाची वाटली. डावी बाजू रोजच्या कामाची आहे. उजवी बाजू प्रार्थनेची आहे आणि तिच्यावर रात्री जागून उपयोग नाही. प्रत्येक लेकराचे पान वेगळे करावे, कारण एकासाठी जे डावीकडे असते ते दुसऱ्यासाठी उजवीकडे गेलेले असते.

या संदर्भात थोर ख्रिस्ती लेखक ऑगस्टीन याची आई मोनिका हिची गोष्ट मंडळ्यांमध्ये नेहमी सांगितली जाते, पण अर्धीच. तिने मुलासाठी सतरा वर्षे अश्रू गाळले आणि अखेर इ. स. ३८७ मध्ये मिलान येथे बिशप अँब्रोज यांच्या हातून त्याचा बाप्तिस्मा झाला, येथवर आपण सांगतो आणि ऐकणाऱ्या आईला वाटते की आपलीच चिकाटी कमी पडली. राहिलेला भाग असा की त्याच वर्षी घरी परतण्याच्या वाटेवर ओस्टिया बंदरात मोनिका वारली. पुढे ऑगस्टीन बिशप झाला आणि त्याच्या लिखाणाने साऱ्या पश्चिमेकडच्या मंडळीला वळण दिले, त्यातले काहीही तिने पाहिले नाही. तिला अंकुर पाहायला मिळाला होता. कितीतरी आयांना तोही दिसत नाही आणि त्यांची पेरणी त्यामुळे खोटी ठरत नाही.

ज्यांची लेकरे आश्रमशाळेत किंवा वसतिगृहात आहेत त्यांनी शमुवेलाच्या पहिल्या पुस्तकातला दुसरा अध्याय वाचावा. हन्नाने आपला मुलगा शमुवेल याला मंदिरात याजक एलीपाशी ठेवले आणि ती दर वर्षी त्याच्यासाठी लहानसा झगा शिवून नेत असे. वर्षातून एकदा दिसणाऱ्या मुलाचे माप तिने अंदाजानेच घेतले असणार. तो किती वाढला असेल, खांदे कुठवर आले असतील, हे घरी बसून मनात मोजत तिने टाके घातले असतील. नागपूरला शिकणाऱ्या पोरासाठी डब्यात चिवडा भरणाऱ्या आईला हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही.

तिसरी पायरी: एका कामाला एक वचन बांधा

पहिल्या कागदावरून मन मोकळे असलेले एकच काम निवडावे. ते रोज होणारे असावे. मग एक लहान वचन घेऊन आठवडाभर त्या कामाशी बांधावे. सर्व कामांना वचने लावण्याचा मोह टाळावा, कारण त्याचे चौथ्या दिवशी ओझे होते. वाचता न येणाऱ्या आईसाठी उत्तम मार्ग म्हणजे रविवारच्या शाळेतून मूल जे सुवर्णवचन पाठ करून येते तेच घ्यावे. मुलाने म्हणावे, आईने मागून म्हणावे; मुलाचेही पक्के होते आणि आईला शिकवण्याचा मान त्याला मिळतो.

भाकरीचे उदाहरण घेऊ. ज्वारीचे पीठ कोमट पाण्यात मळून गोळा परातीत घेतला की थापायला सुरुवात होते आणि हाताला आपसूक लय येते. त्या लयीत तेविसाव्या स्तोत्राचा पहिला अर्धा भाग म्हणावा, "परमेश्वर माझा मेंढपाळ आहे". भाकर तव्यावर टाकून वरून पाण्याचा हात फिरवताना दुसरा अर्धा, "मला काही उणे पडणार नाही". पाणी सुकेपर्यंत गप्प राहावे. भाकर उलटून निखाऱ्याकडे टेकवली की ती फुगेपर्यंत एका लेकराचे नाव घ्यावे. घरात आठ भाकरी होत असतील तर आठ नावे होतात. लेकरे संपली की नवरा, सासू, आणि मग ती जाऊही. जावेच्या नावाची भाकर मला पुष्कळ दिवस फुगवता आली नाही, हे कबूल करते.

यात एक अडचण येते. ज्या महिन्यात पिठाचा डबा तळाला गेलेला असतो त्या महिन्यात "मला काही उणे पडणार नाही" हे शब्द घशात अडकतात. अशा वेळी ते गिळून हसू नये. सारफथ गावच्या विधवेने एलीया संदेष्ट्याला स्पष्ट सांगितले होते की मडक्यात मूठभर पीठ आणि कुपीत थोडे तेल आहे, ते भाजून मी आणि माझा मुलगा खाणार आणि मग मरणार. तिचे हे बोलणे पवित्र शास्त्रात जसेच्या तसे ठेवले आहे. कोणी तिला अविश्वासू म्हटले नाही. त्या महिन्यात तेच वचन मागणे म्हणून म्हणावे, किंवा ते बाजूला ठेवून तेराव्या स्तोत्रातले "कोठवर?" घ्यावे.

नळाच्या रांगेसाठी एकशे एकेचाळिसाव्या स्तोत्रातली विनंती सोयीची आहे, की हे परमेश्वरा, माझ्या मुखावर पहारा ठेव. जिने रांगेत गुंड, म्हणजे पाण्याचा हंडा, पुढे सरकवण्यावरून होणारी भांडणे पाहिली आहेत तिला कारण सांगायला नको.

वचनाऐवजी गाणेही चालते. आपल्या आज्या-पणज्यांनी जात्यावर ओव्या रचल्या, त्यात माहेर होते, भाऊ होता, विठ्ठल होता. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी ख्रिस्ती भक्ती अभंगांच्या आणि ओव्यांच्या वळणात आणली, म्हणून ती मराठी जिभेवर परकी वाटत नाही. जाते आता घरात नाही, पण वेचणीची ओळ आहे. आमच्या ओळीत अशा दोन-चार ओव्या तयार झाल्या, त्यांतली एक अशी:

पहिली माझी ओवी, पहाटेच्या पहाऱ्याला,
येशू मेंढपाळा, राख माझ्या लेकराला.

साहित्य म्हणून तिची किंमत काही नाही. दुपारपर्यंत ती चार बायकांच्या तोंडी होती.

चौथी पायरी: लेकरांना शिकवण्याच्या चार वेळा पकडा

पवित्र शास्त्रातल्या अनुवाद या पुस्तकाच्या सहाव्या अध्यायात देवाची वचने मुलांच्या मनावर बिंबवण्याच्या चार वेळा दिल्या आहेत: घरी बसताना, मार्गाने चालताना, निजताना आणि उठताना. या चारही वेळा कामाच्या आहेत आणि त्यांत वेगळी खोली, टेबल किंवा छापील अभ्यासक्रम यांची गरज नाही.

उठताना: मुलाला हाक मारून उठवण्याआधी त्याच्या डोक्यावर हात ठेवून एक वाक्य म्हणावे. ओरडून उठवण्याची सवय असलेल्या घरात हे पहिले आठ दिवस विचित्र वाटते.

मार्गाने चालताना: वावरात जाताना किंवा शाळेच्या गाडीपर्यंत सोडताना जे दिसेल त्यावरून दाखले सांगावेत. येशूने सांगितलेल्या गोष्टी शेतीच्या आणि घरकामाच्या आहेत. शहरातल्या मुलांना त्या चित्रात दाखवाव्या लागतात, आपल्या मुलांना बोटाने दाखवता येतात. सुगी झाल्यावर वावरात मेंढ्या बसवायला कळप येतो तेव्हा मुलाला थोडा वेळ बांधावर उभे करावे आणि मेंढपाळ हाक कशी देतो, मेंढ्या कोणाच्या हाकेने वळतात, लंगडे कोकरू कोणाच्या खांद्यावर आहे हे त्यालाच पाहून सांगू द्यावे. योहानाचा दहावा अध्याय मग त्याला समजावून देण्याचे काम उरत नाही. हरवलेल्या नाण्याचा दाखला घर सारवायच्या दिवशी सांगावा. खमिराचा दाखला मात्र आपल्याकडे नीट पोचत नाही, कारण भाकरीत खमीर नसते. तो मी विरजणावर सांगते. रात्री दुधात चमचाभर दही घालताना मूल पाहते, सकाळी सगळे भांडे लागलेले असते आणि मधे कोणी काही केलेले दिसत नाही.

घरी बसताना आणि निजताना: संध्याकाळची कौटुंबिक प्रार्थना दहा मिनिटांच्या पुढे नेऊ नये. एक गीत, शास्त्रातल्या पाच-सहा वचनांचे वाचन, प्रत्येकाचे एक वाक्य आणि प्रभूची प्रार्थना पुरे. वडील घरात असतील तर वाचन त्यांनी करावे आणि शक्य तर धाकट्याला त्यांनीच झोपवावे. धर्मसुधारक मार्टिन लूथरने १५२२ साली विवाहावर लिहिताना म्हटले होते की बाप बाळाची लंगोटे धुतो आणि लोक त्याला हसतात, तेव्हा देव आपल्या देवदूतांसह त्या बापाच्या विश्वासावर प्रसन्न होऊन हसत असतो. पाचशे वर्षे झाली. आमच्या गावात हे वाक्य अजून नवे आहे.

या चार वेळांखेरीज एक पाचवी वेळ आहे आणि ती मी सर्वांत महत्त्वाची मानते. उन्हातून आल्यावर, पोटात अन्न नसताना, लेकराने दुधाचे भांडे सांडले आणि आपला हात उठला, तर तासाभरात त्या लेकराजवळ खाली बसून "माझे चुकले" असे म्हणावे. पुढे "पण तूही" हा शब्द जोडू नये. पाप, पश्चात्ताप आणि क्षमा यांवर रविवारच्या शाळेत वर्षभर मी जे शिकवले त्यापेक्षा हे एक वाक्य माझ्या मुलाला अधिक कळले, हे मी त्याच्या तोंडून ऐकले आहे.

पाचवी पायरी: घर एका मताचे नसेल तर

आपल्या भागात पुष्कळ घरांत आई उपासनेला येते आणि नवरा येत नाही, किंवा सासूचे देव वेगळे असतात. येथे घाई आणि अबोला दोन्ही टाळावेत. लक्ष्मीबाई टिळकांचे पती, म्हणजे वर आलेले रेव्हरंड टिळक, १८९५ साली ख्रिस्ती झाले तेव्हा लक्ष्मीबाईंवर आभाळ कोसळले होते. स्वतःचा बाप्तिस्मा त्यांनी घेतला तो १९०० साली, काही वर्षे वेगळे राहून, भांडून आणि पाहून झाल्यावर. विश्वास माणसाच्या पावलाने येतो हे त्यांच्या आयुष्यावरून शिकावे.

व्यवहारात तीन गोष्टी उपयोगी पडतात. मुलांच्या देखत सासूच्या श्रद्धेची टवाळी करू नये. पोळ्याला शेजारून पुरणपोळीचे ताट आले तर काय करायचे हे नवऱ्याशी आधी बोलून ठरवावे. मंडळ्यांमध्ये याबाबत एकमत नाही, आणि मुलांना गोंधळ होतो तो आईबापांच्या दोन उत्तरांचा. आणि नाताळाला गावाला घरी बोलवावे. नाताळ ऐन वेचणीत येतो, हात रिकामा नसतो, तरी करंज्यांचे एक ताट शेजारी गेलेच पाहिजे असा माझा आग्रह असतो.

आजीकडे दुर्लक्ष करू नये. मिशनरी स्टीफन हिस्लॉप १८४५ साली नागपूरला आले आणि स्कॉटिश मिशनचे काम सुरू झाले, हा इतिहास आपण पाठ करतो. पण खेड्यातल्या घरात विश्वास पुढे गेला तो बहुधा एखाद्या म्हातारीच्या पाठ असलेल्या स्तोत्रांमुळे. पौलानेही तीमथ्याला लिहिताना त्याची आजी लोईस आणि आई युनीके यांची नावे घेतली आहेत. घरात अशी आजी असेल तर निजतानाची वेळ तिला द्यावी.

सहावी पायरी: थकवा, आजार आणि मार यांना वधस्तंभ म्हणू नका

एलीया झाडाखाली मरण मागत निजला तेव्हा देवदूताने त्याला उपदेश केला नाही. त्याला दोनदा झोपू दिले आणि निखाऱ्यावर भाजलेली भाकर व पाण्याची सुरई दोनदा त्याच्या उशाशी ठेवली. डोंगरावरचे संभाषण नंतरचे आहे. म्हणून ज्या आईला प्रार्थनेत मन लागत नाही तिला मी आधी विचारते की रक्त तपासले का. गरोदर नसलेल्या स्त्रीचे हिमोग्लोबिन १२ च्या खाली आणि गरोदर स्त्रीचे ११ च्या खाली असेल तर तो रक्तक्षय आहे. धाप, चक्कर आणि चिडचिड त्यातून येते. प्राथमिक आरोग्य केंद्रात तपासणी होते, लोहाच्या गोळ्या आशाताईकडून मिळतात, आणि गरोदरपणात १८० दिवस व बाळंतपणानंतर आणखी १८० दिवस त्या घ्यायच्या असतात.

बाळंतपणानंतर दोन आठवड्यांहून अधिक काळ रडू येत राहिले, बाळाजवळ जावेसे वाटेनासे झाले किंवा जीव नकोसा झाला, तर ती विश्वासातली कमतरता समजून उपवास लावू नये, डॉक्टरकडे जावे. १४४१६ हा टेलीमानसचा क्रमांक आहे, तो विनामूल्य आहे आणि रात्रीही लागतो. घरात मारहाण होत असेल तर १८१ ही महिलांची हेल्पलाइन आहे, तातडीच्या वेळी ११२. प्रभूने वधस्तंभ स्वतःहून उचलला होता. नवऱ्याच्या दारूचा मार सोसत राहणे त्याच्या ओळीत बसवणारे उपदेश मीही ऐकले आहेत आणि ते चुकीचे आहेत, असे मी येथे स्पष्ट लिहिते.

कर्जाने धनी गेलेल्या घरांबद्दल लिहिताना हात जड होतो. त्या आईपुढे हेतू, अर्थ हे शब्द लगेच ठेवू नयेत. पुढे केव्हातरी, ती स्वतः विचारील तेव्हा, पंडिता रमाबाईंबद्दल सांगता येते. १८८२ साली पती वारले तेव्हा त्या चोवीस वर्षांच्याही नव्हत्या आणि मुलगी मनोरमा तान्ही होती. १८९६-९७ च्या दुष्काळात त्याच बाई मध्य प्रांतात, म्हणजे नागपूर ज्याची राजधानी होती त्या आपल्या मुलखाकडे आल्या आणि उपाशी मुली व विधवा यांना सोबत घेऊन गेल्या. त्या मधल्या चौदा-पंधरा वर्षांकडे लक्ष वेधावे.

सातवी पायरी: मूठ बाजूला काढा

फक्त आपल्याच लेकरांभोवती फिरणारे आईपण हळूहळू आटते. १९१० साली मिझोरममधल्या ख्रिस्ती स्त्रियांनी एक रीत सुरू केली: प्रत्येक वेळी स्वयंपाकाला तांदूळ काढताना त्यातली एक मूठ बाजूला ठेवायची आणि साठलेले धान्य मंडळीला द्यायचे. ही रीत तेथे आजही चालू आहे. आपल्याकडे ज्वारी, तूरडाळ किंवा भंडारा-गोंदियाकडे तांदूळ, जे घरात शिजते त्याची मूठ चालेल. डबा लेकराच्या हाताला लागेल असा ठेवावा आणि मूठ त्यालाच टाकू द्यावी. आमच्या महिला संघात महिन्याच्या शेवटच्या रविवारी हे डबे एकत्र ओततो. धान्य बाळंतिणीच्या घरी किंवा मजुरी बुडालेल्या घरी जाते, आणि ते घर ख्रिस्तीच असावे अशी अट नाही. मुलाची मूठ लहान असते म्हणून डबा भरायला वेळ लागतो. ती मोठ्या मुठीने भरून काढू नये.

याच बायकांपैकी दोघी-तिघींशी आठवड्याचे वचन ठरवून घ्यावे. वेगळी सभा नको. निंदणाची किंवा वेचणीची ओळ हीच सभा.

महिन्यानंतर

महिनाभराने पहिला कागद पुन्हा काढावा आणि दुसऱ्या पायरीतली लेकरांची पाने शेजारी ठेवावीत. डावीकडचे काही उजवीकडे सरकले आहे का, उजवीकडचे काही आपण चोरून डावीकडे आणले आहे का, एवढेच पाहावे. दिवस चुकलेले असतील, बहुधा अर्ध्याहून अधिक. वावरात पेरणीचे सगळे तास, म्हणजे ओळी, उगवले नाहीत म्हणून कोणी लगेच नांगर घालत नाही. जेथे बी उगवले नाही तेवढ्याच जागी नांग्या भरतो. येथेही तेच करावे. पहिल्या पायरीपासून पुन्हा सुरू करू नये. चुकलेले वचन सोडून द्यावे आणि उद्याच्या पहिल्या भाकरीपासून, जे काम निवडले होते त्याच कामाला, या आठवड्याचे वचन बांधावे.

ज्या बाईने माझा कागद परत केला होता तिने पुढे स्वतःचा कागद आणून दाखवला. भाकरी तिने निवडली नव्हती. पहाटे चारच्या नळापुढे तिने खूण केली होती आणि बाजूला तिच्या लेकीने पेन्सिलने लिहिले होते: "गुंड भरेपर्यंत, आईचे. त्यानंतर माझे."